यंत्रावर भांडता, कागद मात्र घेत नाही

सर्व पक्षांच्या तालुकाध्यक्षांना आणि बूथप्रमुखांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार, वि. वि.

निकाल लागला की तुमचे कार्यकर्ते मोबाईलवर एकमेकांना भिडतात. हरलेले म्हणतात, ईव्हीएमने घात केला. जिंकलेले म्हणतात, मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा यंत्र गोड होतं का? चारशे प्रतिक्रिया पडतात, जात निघते, बाप निघतो, पण त्या चारशेत एका बूथचा एक आकडा सापडत नाही. मतं साठवणाऱ्या कंट्रोल युनिटचा क्रमांक सापडत नाही. मतदान संपताना यंत्रात किती मतं होती, हे कुणी लिहीत नाही, कारण ते लिहायला लागणारा कागद कुणाकडेच नसतो.

त्या कागदाचं नाव नमुना १७-सी. हे पत्र मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

मतदान संपलं की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवरचं 'क्लोज'चं बटण दाबतो, 'टोटल' दाबून एकूण मतं वाचतो आणि १७-सीच्या पहिल्या भागात लिहितो. त्याच कागदावर कंट्रोल युनिट, बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते) आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापणारं यंत्र) यांचे क्रमांक, यादीतले एकूण मतदार, नमुना १७-ए या नोंदवहीत सही-अंगठा केलेले मतदार, मत न देता परत गेलेले, चाचणी मतं आणि कागदी सीलांचा हिशेब असतो. निवडणूक संचालन नियमांमधला ४९-एस हा नियम सांगतो की हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला, म्हणजे उमेदवाराच्या बूथवरच्या प्रतिनिधीला, या नोंदींची खरी प्रत द्यायची आणि पोच घ्यायची. मागायचीही गरज नाही, केंद्राध्यक्षानेच द्यायची आहे.

मग प्रती जातात कुठे? त्या घ्यायला माणूस नसतो. तुमचा एजंट दुपारी जेवायला म्हणून उठतो आणि त्याला मतदार काढायला पाठवलं जातं. पाचला तो नाक्यावर रिक्षा भरत असतो आणि पावणेसातला केंद्राध्यक्ष १७-सी भरतो तेव्हा खोलीत बहुधा एकाच पक्षाचा माणूस उरलेला असतो, किंवा तोही नसतो. प्रत्येक बूथवर एक एजंट आणि दोन बदली एजंट नेमता येतात, त्यामुळे अर्धा दिवस बसलेल्या माणसाला उठवून ताजा माणूस बसवणं शक्य असतं. संध्याकाळसाठी राखलेला बदली एजंट आम्ही सकाळच्या एजंटाइतकाच महत्त्वाचा मानतो. बूथमध्ये मोबाईल चालत नाही, तेव्हा त्याने कागद हातात घेऊन बाहेर यायचं, शंभर मीटरच्या बाहेर फोटो काढायचा, तालुक्याला पाठवायचा आणि मूळ प्रत प्लास्टिकच्या पाकिटात ठेवायची. ती घडी घालून खिशात कोंबली तर दुसऱ्या दिवशी घामाने शाई फुटलेली असते.

आता सकाळकडे या. मतदान सातला सुरू होणार असेल तर अभिरूप मतदान, म्हणजे एजंटांसमोर यंत्राची चाचणी, साडेपाचला. किमान ५० मतं टाकायची, 'नोटा'सह प्रत्येक उमेदवाराला निदान एक. कोणी किती मतं टाकली ते एजंटाने स्वतःच्या कागदावर लिहायचं. मग क्लोज, रिझल्ट, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्यांची मोजणी, तिन्ही आकडे जुळवणं आणि शेवटी क्लिअर. क्लिअरनंतर 'टोटल' शून्य आहे हे डोळ्यांनी पाहायचं आणि व्हीव्हीपॅटची पेटी रिकामी झाली हेही पाहायचं. अभिरूप मतदानाच्या चिठ्ठ्यांवर मागे शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात सीलबंद होतात. त्यानंतर हिरव्या कागदी सीलवर एजंटाने सही करायची आणि सीलचा क्रमांक टिपून घ्यायचा.

यातली एक चूक वरचेवर होते: केंद्राध्यक्ष क्लिअर करायला विसरतो. ५० अभिरूप मतं यंत्रात तशीच राहतात आणि मतमोजणीच्या टेबलावर एकूण आकडा १७-सीतल्या मतदारांच्या संख्येपेक्षा ५० ने जास्त निघतो. मग 'मतदार ४१२ आणि मतं ४६२' असा स्क्रीनशॉट फिरू लागतो. अशा यंत्राची मोजणी बाजूला ठेवतात. विजयाचं अंतर अशा केंद्रांवरच्या एकूण मतांहून मोठं असेल तर निकालात फरक पडत नाही, लहान असेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. ज्या एजंटाने सकाळी 'शून्य पाहिलं' असं लिहून ठेवलं असेल त्याच्यासाठी हा वाद दोन मिनिटांचा आहे.

दुसरा घोळ यंत्र बदलण्याचा. कंट्रोल युनिट किंवा बॅलट युनिट बिघडलं तर अख्खा संच बदलतात आणि प्रत्येक उमेदवाराला एकेक मत टाकून पुन्हा अभिरूप मतदान करतात. नुसतं व्हीव्हीपॅट बिघडलं तर तेवढंच बदलतात, अभिरूप मतदान होत नाही. संच बदलला की त्या बूथची मतं दोन कंट्रोल युनिटांमध्ये असतात. बदल किती वाजता झाला, जुन्या यंत्रात तेव्हा किती मतं होती आणि नव्याचा क्रमांक काय, या तीन गोष्टी टिपल्या नाहीत तर मतमोजणीला 'आमचं यंत्र हे नव्हतंच' अशी ओरड होते. ती खरी की खोटी हे ठरवायला तुमच्याकडे काही नसतं.

रात्री टेम्पोत सापडलेली यंत्रंही याच वर्गातली. राखीव यंत्रं क्षेत्रीय अधिकाऱ्याबरोबर फिरतात आणि ती परत येताना दिसतात. ती मतदानाची आहेत की राखीव, हे क्रमांकावरून कळतं. यंत्रांची सरमिसळ दोनदा होते: पहिल्यांदा कोणतं यंत्र कोणत्या मतदारसंघात जाईल ते ठरतं, दुसऱ्यांदा कोणत्या बूथवर. दुसऱ्या सरमिसळीची क्रमांकासह यादी उमेदवाराला मिळते. ती यादी छापून प्रत्येक एजंटाच्या हातात हवी. टेम्पोच्या व्हिडिओखाली 'लोकशाहीची हत्या' लिहिण्याआधी ती यादी उघडून क्रमांक पाहणारा एक तरी माणूस तालुक्यात असावा, एवढीच अपेक्षा.

हरियाणात ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मोजणीच्या दिवशीही बॅटरी ९९ टक्के कशी?' यावरून काहूर उठलं. निवडणूक आयोगाचा खुलासा असा की यंत्रात चार्ज होणारी बॅटरी नसते, अल्कलाइन पॅक असतो आणि दाब ७.४ व्होल्टच्या वर असेपर्यंत पडद्यावर ९९ टक्केच दिसतात. आपल्याला सवय मोबाईलची, तिथे टक्का दर तासाला उतरतो. मुंबईतल्या एका लोकसभा मतदारसंघात २०२४ साली ४८ मतांनी निकाल लागला आणि 'मोबाईलवर ओटीपी घेऊन यंत्र उघडलं' ही बातमी पसरली. यंत्राला ओटीपी लागतच नाही. तो फोन आकडे भरण्याच्या संगणकप्रणालीच्या लॉगिनसाठी होता, असं निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्या प्रणालीबद्दल आणि मतमोजणी केंद्रातल्या फोनबद्दल जरूर प्रश्न विचारावेत. पण ते प्रश्न यंत्राचे नव्हेत, आणि दोन्ही एकत्र कालवले की दोन्ही वाया जातात.

याचा अर्थ यंत्र सोवळं आहे असा नाही. जिंकलेल्या बाजूच्या लोकांनी इथे लक्ष द्यावं.

२०१० साली तंत्रज्ञ हरी प्रसाद आणि त्यांच्या दोन परदेशी सहकाऱ्यांनी एका खऱ्या भारतीय यंत्रावर दोन हल्ले करून दाखवले: एक बदललेल्या डिस्प्लेचा, दुसरा स्मृतीच्या चिपला चिमटा लावण्याचा. यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून गेलेलं होतं आणि त्याच चोरीच्या आरोपावरून हरी प्रसाद यांना ऑगस्ट २०१० मध्ये अटक झाली. दोन्ही हल्ल्यांना यंत्र हातात मिळणं आवश्यक होतं. म्हणूनच गोदाम, सील आणि क्रमांक यांना महत्त्व आहे. ते जुनं, व्हीव्हीपॅट नसलेलं यंत्र होतं. आजच्या एम-३ या पिढीच्या संचात बॅलट युनिटची केबल व्हीव्हीपॅटला जाते आणि व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटला. बॅलट युनिटला उमेदवार माहीत नसतो, फक्त कितवं बटण दाबलं ते माहीत असतं. हा आयोगाचा जुना आणि भक्कम मुद्दा आहे. पण व्हीव्हीपॅटला नावं आणि चिन्हं माहीत असतात, कारण ती उमेदवार ठरल्यावर सिम्बॉल लोडिंग युनिटमधून भरली जातात. टीकाकारांचा खरा तांत्रिक मुद्दा हा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कागदी मतपत्रिकांची मागणी फेटाळली, पण चिन्हं भरणारी ही युनिटं सीलबंद करून निवडणुकीच्या निकालानंतर ४५ दिवस जपायला सांगितली, ती याच कारणाने. चिन्हं भरली जात असताना उमेदवाराचा प्रतिनिधी हजर राहू शकतो. तालुक्यातून त्या दिवशी कुणाला पाठवता? बहुधा ज्याला प्रचारात काम नाही त्याला.

३ जून २०१७ रोजी आयोगाने 'यंत्रात फेरफार करून दाखवा' असं आव्हान ठेवलं. राष्ट्रवादी काँग्रेस आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट असे दोनच पक्ष गेले आणि दोघांनीही फेरफाराचा प्रयत्न न करता प्रक्रिया समजून घेतली. आव्हानाच्या अटी जाचक होत्या, ही तक्रार वाजवी आहे. तरीही इतर पक्षांनी निदान समजून घ्यायला जायला हवं होतं.

आता पडताळणीचं गणित. हे नीट वाचावं, कारण दोन्ही बाजूंची निम्मी भांडणं इथेच मिटतात. प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी टाकून ५ व्हीव्हीपॅट निवडतात आणि त्यातल्या चिठ्ठ्या मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडतात. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला २८८ मतदारसंघांत असे १,४४० संच तपासले गेले आणि कुठेही तफावत आढळली नाही, असं आयोगाने जाहीर केलं. राज्यात मतदान केंद्रं एक लाखाच्या वर, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशेच्या आसपास.

समजा साडेतीनशेपैकी ७ बूथवर, म्हणजे दोन टक्क्यांवर, गडबड आहे. यदृच्छेने काढलेल्या पाचांत त्यातलं एकही न येण्याची शक्यता ९० टक्के. म्हणजे एका मतदारसंघापुरती ही तपासणी दहापैकी नऊ वेळा काहीच पकडणार नाही. गडबड ३५ बूथवर असली तरी ती निसटण्याची शक्यता ५९ टक्के. 'पाच तपासले, जुळले, विषय संपला' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा समोर ठेवावा. सात बूथवरची गडबड ९५ टक्के खात्रीने पकडायची तर एका मतदारसंघात सुमारे १२० यंत्रं तपासावी लागतील.

पण तीच दोन टक्के गडबड सगळ्या २८८ मतदारसंघांत असेल, तर १,४४० संचांत एकही न सापडण्याची शक्यता जवळपास शून्य आहे, दशांश चिन्हानंतर बारा शून्यं लिहावी लागतील इतकी. 'अख्खं राज्य यंत्राने फिरवलं' म्हणणाऱ्यांनी हाही आकडा समोर ठेवावा. अर्थात यासाठी तपासायची पाच यंत्रं खरोखर यदृच्छेने निवडली गेली पाहिजेत आणि त्यातल्या चिठ्ठ्यांची मोजणी खरी झाली पाहिजे. ते पाहायला तुमचा मोजणी प्रतिनिधी तिथे असतो. ती चिठ्ठीमोजणी सगळ्या फेऱ्या झाल्यावर होते, तेव्हा निकाल कळलेला असतो आणि गुलाल उधळायला किंवा तोंड लपवायला निम्मे प्रतिनिधी निघून गेलेले असतात. पाच व्हीव्हीपॅटच्या टेबलाशी कोण थांबणार, हे आधीच नावानिशी ठरवा.

आमचं मत विचाराल तर आयोगाने नमुना मतदारसंघाच्या आकारावर आणि विजयाच्या अंतरावर ठरवावा. हजार मतांनी लागलेल्या निकालाला आणि लाखाने लागलेल्या निकालाला सारखीच पाच यंत्रं, यात शास्त्र नाही.

पाचनंतरच्या मतांचं प्रकरणही असंच. २० नोव्हेंबर २०२४ ला संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के निघाला. फरक ७.८३ टक्क्यांचा, सुमारे ७६ लाख मतांचा. एका बूथमागे सरासरी ७६ मतं. सहा वाजता रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात आणि त्यांचं मतदान पूर्ण होईपर्यंत यंत्र चालू राहतं. पाचचा आकडा बूथवरून तोंडी किंवा ॲपवर वर जातो आणि वाटेत रेंगाळतो. म्हणून बूथमागे ७६ मतं अशक्य नाहीत. पण शक्य आहे म्हणून ती पडलीच, हेही सिद्ध होत नाही. हा हिशेब बूथवार पाचचा आकडा आणि बूथवार १७-सी यांतच लागतो. तुमच्या एजंटाने ९, ११, १, ३ आणि ५ वाजता केंद्राध्यक्षाने नोंदवलेली मतं वहीत उतरवली असती आणि सहाला रांगेत किती माणसं होती ते लिहिलं असतं, तर दीड वर्षं चालणारी वादावादी आठ दिवसांत एका तक्त्यात मावली असती. आयोगाने १७-सी संकेतस्थळावर टाकावेत ही मागणी आम्हाला मान्य आहे. कायद्यात तशी सक्ती नाही आणि प्रतिमा बदलून गैरवापर होईल, असं आयोगाने मे २०२४ मध्ये न्यायालयात सांगितलं. ते कारण आम्हाला पटत नाही. पण ते टाकत नाहीत म्हणून तुमच्या हातात येणारी प्रत सोडून देण्याचं कारण कळत नाही.

मोजणीच्या टेबलावर करायचं काम सोपं आहे. कंट्रोल युनिट समोर आलं की त्याचा क्रमांक तुमच्या १७-सीशी जुळवा, सील पाहा, 'एकूण मतं' जुळवा आणि मगच 'रिझल्ट'कडे वळा. उमेदवारवार मतं १७-सीच्या दुसऱ्या भागात भरली जातात. ती लिहून घ्या. नंतर बूथवार मतांचा नमुना २० मिळाला की त्याच्याशी पडताळा. एक तक्ता पुरतो: बूथ क्रमांक, यंत्र क्रमांक, १७-सीतली मतं, यंत्रातली मतं, नमुना २० मधली मतं, शेरा. साडेतीनशे ओळी, दोन मुलं, एक रात्र.

एखाद्या केंद्रावर तफावत किंवा ठोस शंका असेल तर बेरजा जाहीर झाल्यावर, पण निकाल घोषित होण्याआधी, नियम ५६-डी खाली त्या केंद्राच्या चिठ्ठ्या मोजण्याचा लेखी अर्ज करता येतो. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला मंजुरी किंवा नकार लेखी, कारणासह द्यावा लागतो. यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य. हा अर्ज आधी टाइप करून, रकाने मोकळे ठेवून खिशात असावा. माईकवरून निकाल घोषित झाल्यावर कागद शोधत धावून उपयोग नाही.

त्यानंतरचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या त्याच निकालाने दिलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निवडणुकीच्या निकालानंतर ७ दिवसांत, विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के संचांच्या मायक्रोकंट्रोलरची (प्रोग्राम भरलेल्या चिपची) तपासणी मागता येते. २०२४ मध्ये एका संचाला ४०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२०० रुपये पडत होते. साडेतीनशे केंद्रांपैकी १७ संच धरले तर आठ लाखांवर. फेरफार सिद्ध झाला तर पैसे परत. ही रक्कम जास्त असल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बोलून दाखवलं आणि तपासणीत यंत्रातला डेटा पुसू नये, असंही सांगितलं. आजचा दर अर्जापूर्वी जिल्हा निवडणूक कार्यालयातून घ्यावा. कोणते संच तपासायचे हे तुम्ही निवडायचं असतं आणि इथेही तो रात्रीचा तक्ताच उपयोगी पडतो. तक्ता नसेल तर लोक हरलेल्या बूथवर बोट ठेवतात. हरणं हा पुरावा होत नाही.

माळशिरस मतदारसंघातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये मतपत्रिकांवर गावापुरतं फेरमतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. पोलीस बंदोबस्त लावून गावाला गप्प करणं वाईटच. पण निकाल कळल्यानंतर, वेगळ्या वातावरणात झालेलं मतदान २० नोव्हेंबरच्या यंत्राबद्दल काही सांगू शकत नाही. त्या दिवशीची साक्ष चिठ्ठ्यांमध्ये होती. पेच असा की गावाची तक्रार जिंकलेल्या उमेदवाराची मतं कमी निघाल्याची होती आणि पाच टक्क्यांची तपासणी मागण्याचा हक्क जिंकलेल्याला नाही. उरतो ५६-डी, आणि त्याची वेळ मोजणीच्या दिवशीच संपते.

मुदतींकडे शेवटचं लक्ष वेधतो. निवडणूक याचिकेची मुदत निकालापासून ४५ दिवस. २० डिसेंबर २०२४ रोजी नियम ९३ बदलून लोकांना पाहायला मिळणारी कागदपत्रं नियमांत नमूद केलेल्यांपुरती मर्यादित केली गेली आणि मे २०२५ पासून आयोगाच्या सूचनेनुसार सीसीटीव्ही चित्रण, याचिका नसेल तर, ४५ दिवसांनंतर ठेवलं जाईलच असं नाही. हा बदल पारदर्शकतेच्या उलट दिशेने आहे, असं आम्ही स्पष्ट म्हणतो. तुमच्यापैकी जे सत्तेत आहेत त्यांनी तो मागे घ्यायला लावावा, कारण खुर्च्या बदलतात.

महापालिका, नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदा वेगळ्या. त्या राज्य निवडणूक आयोगाकडे आहेत आणि तिथे व्हीव्हीपॅट नसतं. बहुतेक ठिकाणी एकाच मतदाराला अनेक मतं द्यायची असतात, त्यामुळे 'मतदार आणि मतं जुळत नाहीत' ही बोंब तिथे अधिक उठते. एखादा मतदार चारपैकी तीनच बटणं दाबून निघाला तर काय करायचं, हे एजंटाला आधी शिकवलेलं असावं. चिठ्ठीचा आधार नसल्यामुळे सकाळचं अभिरूप मतदान आणि संध्याकाळचा मतांचा हिशेब एवढंच तिथे हातात राहतं.

पुढच्या बूथ बैठकीत भाषणं अर्धा तास कमी करा. अभिरूप मतदान करून दाखवा, कोरा १७-सी प्रत्येकाला भरायला द्या आणि संध्याकाळी प्रत मिळेपर्यंत कोण बसणार, त्याचं नाव प्रत्येक बूथसमोर लिहून मगच बैठक उठवा.

आपले,
निवडणूक प्रक्रियेचे काही अभ्यासक